नमुना कोणी घेतला

बाथरूममध्ये दुसऱ्यांदा पाय घसरला तेव्हा बाईंचं डावं मनगट मोडलं, आणि त्या घरातलं त्यांचं राहणंही संपलं. मुलगा आणि सून दिवसभर कामावर. वृद्धाश्रम हा शब्द मात्र कोणी उच्चारायचा नाही, असं न बोलताच ठरलं होतं. ‘ती जागा’ म्हणायचं.

“जागा तू निवडायचीस, आई,” मुलगा म्हणाला. “तू बोट ठेवशील ती. आमची जबरदस्ती नाही.”

तासाभराच्या अंतरावर खोली मिळेल अशा दोनच जागा होत्या. सुनेने फोन पुढे केला.

“ही बघा, चार पॉइंट आठ! आपल्या दातांच्या डॉक्टरलासुद्धा एवढे स्टार नाहीत.”

“आणि दुसरी?”

“दोन पॉइंट चार. ती सोडाच. एवढ्या रेटिंगच्या ठिकाणी मी कुत्रासुद्धा ठेवणार नाही.”

“मला आठवडाभर दे,” बाई म्हणाल्या.

बाईंनी चौतीस वर्षं पाणी तपासण्यात घालवली होती. प्रयोगशाळेत बाटली आली की आधी पाण्याकडे बघायचं नाही, चिठ्ठीकडे बघायचं: नमुना कोणी घेतला, कुठून, कधी. चिठ्ठी नसलेली बाटली त्या सरळ बेसिनमध्ये ओतत, मग ती साहेबांनी का पाठवलेली असेना. कारखान्याचा मालक स्वतः बाटली भरून आणतो तेव्हा पाणी नेहमीच छान निघतं, हे त्यांना पहिल्या वर्षातच कळलं होतं.

त्यांनी वहीत रकाने आखले. पट्टी धरायला हात नव्हता म्हणून ती प्लास्टरखाली दाबून धरली. दोन्ही जागांचे सगळे रिव्ह्यू वाचले आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहिली: हे कोणी लिहिलं.

रविवारी नाश्ता झाल्यावर त्या वही घेऊन टेबलाशी बसल्या. अहवाल द्यायची त्यांची पद्धत ठरलेली होती. निष्कर्ष शेवटी, त्याआधी प्रत्येक आकडा, काहीही हातचं न राखता. आणि अहवाल आधी त्यालाच, ज्याने तपासायला दिलं.

“चार पॉइंट आठवाल्या जागेचे एकशे बारा रिव्ह्यू,” त्यांनी सुरुवात केली. “मुलगे एकसष्ट, मुली चाळीस, सुना नऊ, एक पुतण्या, आणि एक लिफ्ट बसवणारा. तिथे राहणारं माणूस एकही नाही.”

“म्हातारी माणसं कुठे रिव्ह्यू लिहितात, आई?” सून हसली.

“ऐक तर. हे काय लिहितात बघ. ‘दोन वर्षं आम्ही बाहेर होतो, एकदाही फोन आला नाही.’ पाच स्टार. ‘बाबा आता हट्ट करत नाहीत.’ पाच स्टार. ‘भेटायला गेलो की आई शांत बसलेली असते.’ शांत हा शब्द एकोणीस वेळा आलाय. एवढी माणसं आपोआप शांत होत नाहीत रे. करावी लागतात.”

मुलाने चहाचा कप खाली ठेवला.

“आता दोन पॉइंट चार. ‘दर आठवड्याला फोन करून कधी येताय विचारतात.’ एक स्टार. ‘वडील तिथे गेल्यापासून उलट बोलायला लागलेत.’ एक स्टार. ‘आईला रात्री बरं नव्हतं तर आम्हाला उठवून बोलावलं, शेवटी निघालं काय, साधा ताप.’ एक स्टार.” बाईंनी चष्मा काढला. त्या खुशीत होत्या. इतका स्वच्छ निकाल वर्षानुवर्षं हाती लागला नव्हता. “जिथे माणसं सुखी, तिथले रिव्ह्यू वाईट. मला तिथे जायचंय.”

मग मुलाने वही ओढून घेतली आणि दोन्ही पानं सावकाश वाचली. लहानपणी गणित समजलं की त्याचा चेहरा असाच उजळायचा.

“कमाल आहे तुझी, आई,” तो म्हणाला. “एकूण एक बरोबर काढलंयस. मी तर नुसते स्टार बघत होतो.” त्याने वही बायकोपुढे सरकवली. “हे बघ. दर आठवड्याला.”

“बाई गं! आणि रात्रीसुद्धा?” सुनेने पान उलटलं. “बरं झालं आईंनी वाचलं. आपण फसलो असतो.”

“अरे, पण मी निवडली ना जागा?” बाई म्हणाल्या.

“हो गं. तुझ्याच आकड्यांवर जाऊ या ना,” मुलगा म्हणाला, आणि चार पॉइंट आठवाल्या जागेला फोन लावला. बाईंसमोरच, आवाज खाली न करता. त्याने खोलीबद्दल विचारलं नाही, की डॉक्टरांबद्दल. “घरच्यांना तुम्ही फोन कधी करता?” एवढंच विचारलं.

पलीकडचं उत्तर लहानसं असावं.

“फक्त तेव्हाच? ... नाही नाही, उत्तम. चालेल.” त्याने हाताने फोन झाकला. “नशीब बघ, गुरुवारी सकाळी एक खोली रिकामी होतेय.”

“मला गुरुवारी मीटिंग आहे,” सून म्हणाली.

“मी सोडतो. दहाला ऑफिसला पोचतो आरामात.” मग तो बाईंकडे वळला. “गुरुवारी चालेल ना, आई?”

बाईंनी वहीसाठी हात पुढे केला. सून त्यात बरोबर द्यायच्या कपड्यांची यादी करत होती.