रेडा आणि टोळ

सयाजीच्या गाडीचं नाव रेडा आणि प्रसेनजीतच्या गाडीचं टोळ. दोन्ही गाड्या त्यांनी स्वतःच बनवलेल्या. टीव्हीवर एकदा त्यांनी परदेशातल्या उघड्यावाघड्या चारचाकी गाड्या वाळूतून, चिखलातून, दगडधोंड्यांवरून उड्या मारत जाताना पाहिल्या होत्या. ते बघून सयाजी एवढंच म्हणाला, "आपल्याला न्हाय व्हय जमायचं, मर्दा?" आणि दोघं कामाला लागले.

आयटीआयला दोघं एका बाकावर होते. पुढं प्रसेनजीत उद्यमनगरात लेथवर कामाला लागला. मंगळवार पेठेतल्या घरातून सकाळी सायकलवर निघायचा आणि अंधार पडल्यावर परत यायचा. सयाजीनं कळंब्याच्या पुढं, वडिलांच्या शेतातच ट्रॅक्टर दुरुस्तीची शेड टाकली. शेडच्या पलीकडं त्यांचा माळ होता. मुरमाड जमीन, पीक कसलं येत नव्हतं, पण लांबलचक आणि सपाट. हा माळच त्यांचं मैदान झाला.

रेड्याला सयाजीनं जुन्या मोटरसायकलचं साडेतीनशे सीसीचं इंजिन बसवलं होतं. जाड पाईपची चौकट, मागं रुंद टायर. चालू केला की शेडचे पत्रे थरथरायचे. टोळाचं इंजिन त्याच्या निम्म्याहून लहान, पण प्रसेनजीतनं चौकटच इतकी हलकी केली होती की दोघांनी धरून ती उचलता यायची. शिवाय टोळ तो स्वतः चालवायचा नाही. त्याची धाकटी बहीण शिवानी चालवायची. ती पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होती, अंगानं काडीसारखी. "माझ्या गाडीचा निम्मा पिकअप हिच्या वजनात हाय," असं प्रसेनजीत सांगायचा.

भांडण सगळं त्या पिकअपवरूनच होतं. दोन्ही गाड्या शेडपाशी शेजारी शेजारी उभ्या करायच्या, सयाजीच्या वडिलांनी, म्हणजे गणपतरावांनी, खांद्यावरचा टॉवेल खाली टाकला की सुटायचं आणि माळाच्या टोकाला रोवलेल्या लाल झेंड्यापर्यंत जायचं. सुटताना रेडा दरवेळी पुढं असायचा. निम्म्या माळावर टोळ त्याला गाठायचा. झेंड्यापाशी कधी हा, कधी तो. हरलेल्यानं मिसळ द्यायची. मग मिसळ खातानाही तोच वाद.

"सुटताना जी पुढं, ती गाडी खरी," सयाजी म्हणायचा.

"आणि पोचताना जी पुढं ती काय म्हस हाय व्हय?" शिवानी विचारायची.

२००४ सालच्या मे महिन्यातला तो रविवार. त्या दिवशी सयाजी फार खुशीत होता. रेड्याची सीट त्यानं वीतभर मागं सरकवली होती. माणसाचं वजन मागच्या टायरांवर आलं की पकड वाढणार आणि गाडी सुटताना आणखी जोरात उसळणार, असा त्याचा हिशेब होता, आणि तो बरोबरही होता. फक्त सकाळी सीट जोडताना त्यानं वेल्डिंगचे चार टाके मारले आणि लाईट गेली. लोडशेडिंगचे दिवस होते. दुपारपर्यंत लाईट येणार नव्हती.

"पुरं वेल्डिंग झाल्याबिगर बसू नको," प्रसेनजीत म्हणाला.

"आरं चार टाकं मारल्यात की. हत्ती बसला तरी हलायची न्हाय."

माळाच्या डाव्या अंगाला, झेंड्याच्या जरा अलीकडं, एक बाभळ होती. तिच्या सावलीत पोतं अंथरून सयाजीची आई धोंडुबाई बसली होती. ती दर रविवारी भाकरी आणि झुणका घेऊन यायची. गाड्यांचं तिला काही कळत नव्हतं, पण पोरं जेवल्याशिवाय जाऊ नयेत असं तिला वाटायचं. तिचे दोन्ही गुडघे गेले होते. खाली बसली की उठताना एकानं हाताला धरून तिला उचलावं लागायचं. आजूबाजूच्या वस्तीवरची पाचसहा माणसंही मजा बघायला तिथंच सावलीत येऊन बसली होती.

गणपतरावांनी टॉवेल टाकला.

रेडा असा उसळला की पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उठली. सयाजी आनंदानं ओरडला. त्यानं दुसरा गिअर टाकला, पाय दाबला, पुन्हा तसाच हिसका बसला आणि कडाकड आवाज करत चारही टाके तुटले. सीट मागं उलटली. पडता पडता सयाजीचा पाय ॲक्सिलरेटरच्या पेडलवर गच्च रेटला गेला, पेडल वाकलं आणि खालच्या पट्टीत अडकून बसलं. सयाजी सीटसकट पाठीवर मुरमात आदळला. शिवानीनं टोळ कसाबसा वळवून त्याला चुकवलं.

आणि रेडा पुढं निघून गेला. वर कोणी नव्हतं.

हे बघणाऱ्यांना कळायलाच वेळ लागला. बाभळीखालचा एकजण तर टाळ्या वाजवत होता. रिकामी गाडी, स्टिअरिंग आपोआप थोडं इकडं थोडं तिकडं हलतंय, इंजिन किंचाळतंय आणि ती सरळ झेंड्याकडं चालली आहे. गणपतराव जागच्या जागी उभे राहिले.

मग रेड्याचं पुढचं चाक एका दगडावर चढलं. गाडी आडवी होता होता सावरली आणि डावीकडं वळली. आता तिच्या तोंडासमोर बाभळ होती.

सावलीतली माणसं उठली आणि जिकडं वाट मिळेल तिकडं पळाली. एकजण धोंडुबाईचा हात ओढत होता. "उठा मावशी! उठा!" तिला उठता येईना. दोनदा त्यानं तिला हिसडा दिला, आणि तिसऱ्यांदा मान वर करून रेड्याकडं बघितलं आणि हात सोडून दिला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या माणसाला नंतर कितीतरी दिवस या माळाकडं येववलं नाही.

शिवानी मागं होती. तिनं ब्रेक दाबला असता तर ती तिथंच सुखरूप थांबली असती. तिनं टोळ डावीकडं घातला. प्रसेनजीत शेडपाशी होता. बहीण कुठं चालली आहे हे त्याच्या लक्षात आलं आणि तो जीव खाऊन ओरडला, "शिवाने, थांब! जाऊ नको! थांब!"

रेडा दुसऱ्या गिअरमध्ये अडकला होता. कितीही किंचाळला तरी त्याहून जोरात जाणार नव्हता. टोळाला पुढचे गिअर होते. एक टाकला, आणखी एक टाकला. मुरूम उडत होता, शिवानीला समोरचं धड दिसत नव्हतं. ती रेड्याच्या बरोबरीला आली, डाव्या अंगानं त्याच्या जरा पुढं गेली आणि मग स्टिअरिंग उजवीकडं फिरवलं.

तो आवाज पत्रा फाटल्यासारखा झाला. रेडा कलंडला आणि आडवा घसरत गेला. टोळ एकदा उलटून परत चाकांवर आला, पण शिवानी त्यात नव्हती. ती बाजूच्या खड्ड्यात पडली होती.

रेड्याचं इंजिन अजून चालूच होतं. आडव्या पडलेल्या गाडीची मागची चाकं हवेत गरगरत होती. प्रसेनजीत पळत आला, आधी त्यानं प्लगची वायर उपसून काढली. मग माळावर एवढी शांतता झाली की टायर फिरत फिरत थांबल्याचंही ऐकू आलं. तिथून धोंडुबाई आठदहा हातांवर होती.

ती तशीच बसली होती. पदर खाली घसरलेला. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात भाकरी. डोळे उघडे, पण पापणी लवत नव्हती.

"दादा," खड्ड्यातून शिवानी म्हणाली, "माझा हात बघ की. वाकडाच झालाय." असं म्हणून ती चक्क हसली.

तेवढ्यात सयाजी आला. गाडीतून पडू नये म्हणून त्यानं जुन्या जीपचा पट्टा सीटला लावून घेतला होता, आणि तो पट्टा तसाच कमरेला आवळलेला होता. ती अख्खी सीट पाठीवर घेऊन तो एवढा माळ पळत आला होता. त्याला त्याचं भानच नव्हतं. आईसमोर जाऊन गुडघ्यांवर बसला, तर सीट मागं टेकली आणि तो धड वाकेना. "आये," तो म्हणाला. "आये, मी हाय. आये, बोल की." धोंडुबाईनं त्याच्याकडं बघितलं, पण ओळख नसल्यासारखं. शेवटी गणपतरावांनी विळ्यानं पट्टा कापला. त्या घाईत सयाजीच्या सदऱ्यालाही भोक पडलं.

शिवानीला दुधाच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं. मनगटाची दोन हाडं मोडली होती, खांद्याला मुका मार होता. डॉक्टर आत प्लास्टर घालत होते आणि ती त्यांना टोळ कसा बनवला ते सांगत होती. बाहेर बाकड्यावर सयाजी आणि प्रसेनजीत बसले होते.

"मी थांब म्हणून वरडलो," प्रसेनजीत एकदम म्हणाला. "काकू म्होरं बसलेल्या दिसत हुत्या. तरीबी थांब म्हणालो."

"ऐकलं मी."

"सयाजी, मला त्या टायमाला फक्त शिवानी दिसत हुती."

सयाजी जमिनीकडं बघत होता. त्याच्या कोपराचं रक्त वाळून काळं पडलं होतं. "माझी भन असती तर मीबी त्येच वरडलो असतो," तो म्हणाला. "उगं मनाला लावून घेऊ नको. टाकं मी मारलंतं. तू नको म्हणत हुतास." मग त्यानं दोन्ही हातांत तोंड लपवलं. प्रसेनजीतनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, जिथं मघाशी ती सीट होती, आणि तो हात तसाच राहू दिला.

घरी जाताना टेम्पोत प्रसेनजीतनं बहिणीला विचारलं, "मी वरडलेलं ऐकलंस न्हाईस?"

"ऐकलं की. पण तोवर पाय दाबला गेलता." ती खिडकीबाहेर बघत होती. "तू वरडलास, बरं वाटलं."

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. शिवानी मजेत होती. मैत्रिणी भेटायला यायच्या, ती प्लास्टरवर त्यांच्या सह्या घ्यायची, तीच तीच हकिकत हातवारे करून सांगायची. तिची आई पारूबाई मात्र स्वयंपाकघरातून ती हकिकत ऐकायची आणि दरवेळी गॅस बंद करून भिंतीला टेकून उभी राहायची.

तिकडं धोंडुबाई बोलतच नव्हती. जेवायला वाढलं की दोन घास खायची. गोठ्याकडं बघत बसायची. म्हैस हंबरली तरी दचकायची. डॉक्टर म्हणाले, धसका घेतलाय, हळूहळू येतील ताळ्यावर. सयाजीनं रेड्याचं इंजिन काढून टाकलं आणि चौकट गॅस कटरनं कापून भंगारात घातली. तो कापत असताना धोंडुबाई दारात येऊन उभी राहिली, बघितलं आणि आत गेली.

एका सकाळी ती स्वतःच लुगडं बदलून ओट्यावर येऊन बसली आणि सयाजीला म्हणाली, "पोरीकडं चल."

मंगळवार पेठेतल्या त्या घराला चार पायऱ्या होत्या. सयाजीनं एका बाजूनं आणि प्रसेनजीतनं दुसऱ्या बाजूनं धरून तिला वर आणलं. पारूबाईनं खुर्ची पुढं केली, पण धोंडुबाई शिवानीच्या पलंगावरच टेकली. प्लास्टरच्या हाताकडं बराच वेळ बघत राहिली.

"लई दुखतंय?"

"न्हाय काकू. आता कायच न्हाय."

"तुला गाडी कुणी शिकवली गं?"

"दादानं."

धोंडुबाई प्रसेनजीतकडं वळली. "आणि तुला काय अक्कल हाय का न्हाय? एवढीशी पोर असल्या सांगाड्यात बसवतोस? आणि ह्यो माझा!" तिनं सयाजीच्या दंडावर चापट मारली. "ह्यो तर सीट न लावताच बसला! देवानं तुमाला डोकी दिल्यात, का नुस्ती केसं वाढवायला मडकी दिल्यात?" तिचा आवाज चढत गेला. बाहेर रस्त्यावरची माणसं थांबून आत बघू लागली. इतक्या दिवसांचं साचलेलं ती बोलत होती, ओरडत होती, आणि सयाजी मान खाली घालून हसत आणि रडत होता.

"माझ्या म्होरं आलंतं ते," ती मग हळू आवाजात शिवानीला म्हणाली. "मला वाटलं, संपलं. आणि मधीच तू. तू कुठनं आलीस गं बाई?"

तिनं शिवानीचा चांगला हात आपल्या हातात घेऊन गुडघ्यावर ठेवला. शिवानी काहीतरी गमतीचं बोलायला गेली आणि तिला बोलता येईना. तिच्या बोटांखाली धोंडुबाईचा सुजलेला, न वळणारा गुडघा होता. तिचे ओठ थरथरू लागले. मग हात, मग खांदे. दात एकमेकांवर आपटायला लागले. मे महिन्याच्या त्या उन्हाच्या सकाळी ती थंडीत उभं केल्यासारखी कापत होती.

"मेल्या असता तुम्ही," ती म्हणाली. "काकू, मी पण मेले असते."

"व्हय," धोंडुबाई म्हणाली. "मेलो असतो की दोघीबी."

तिनं शिवानीला कुशीत ओढलं. पारूबाई चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती तो हातात धरून तशीच उभी राहिली. प्रसेनजीतनं ट्रे तिच्या हातातून काढून घेतला आणि कुठं ठेवायचा ते न सुचून स्वतःच धरून बसला.

शिवानीचं कापणं थांबायला फार वेळ लागला. तोवर धोंडुबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि कोणी उठलं नाही.