पहिल्या पानावरची बाई

"थांब." भारतीनं कुकरखालचा गॅस बंद केला. "ते पुन्हा वाच."

गुंजन ओट्याला टेकून उभी होती. संध्याकाळी प्रताप नगरच्या वाचनालयात तिला स्वतःची कथा वाचायची होती. वाचनासाठी कुणी निवडलेली ही तिची पहिलीच कथा. तिनं पुन्हा पहिलं पान काढलं.

"'आईच्या तेराव्यानंतर सुधीरनं गाव सोडलं.'"

"काहून मेली ते?"

"कथेत लागते वं आई. ती गेल्याशिवाय तो घरातून निघतच नाही."

"अन् जित्ती होती तवा काय करे?"

गुंजननं पानांवरून नजर फिरवली. "भाकरी करे. त्याची वाट पाहे."

भारती हसली नाही. पदराला हात पुसत ती दाराकडे पाहत होती. सकाळपासून तिचं लक्ष दाराकडेच आहे, हे गुंजनला आत्ता जाणवलं.

"काय झालं?"

"खाप्याचे पोराकडचे लोक आज तुले पाहायले येऊन राहिले होते. मी फोन करून नको म्हटलं. तुझ्या बाबाले माहीत नाही."

"मले सांगायचं ना!"

"सांगितलं असतं, तर मले एकटीले सोडून तू वाचायले गेली नसती."

फाटकाशी स्कूटर थांबली. ताराचंद आत आला आणि पाहुण्यांसाठी आणलेला बर्फीचा डबा त्यानं टेबलावर ठेवला.

"रस्त्यात त्यांचा फोन आला. म्हणे, तुमच्या घरूनच नको म्हणून सांगितलं." त्याचा आवाज चढला नव्हता. "कोणं सांगितलं?"

"मी," गुंजन पुढं झाली. "मीच आईले फोन कराले लावला, बाबा."

ताराचंदनं मान हलवली. भारतीकडे त्यानं पाहिलंही नाही.

"तरीच. हिची काय हिंमत!"

भारतीनं एकदा लेकीकडे पाहिलं.

"खोटं बोलून राहिली ते," ती म्हणाली. "तिले आत्ता समजलं. फोन मी केला. माझ्या मनानं."

आता ताराचंदनं बायकोकडे मान वळवली.

"काहून?"

भारतीनं खुर्ची ओढली आणि त्याच्या आधी बसली.

"बसा. मले बोलायचं आहे." मग मागं न वळता, "तू निघ वं, गुंजन. उशीर होते."

गुंजननं एका पायात चप्पल सरकवली आणि ती तशीच उंबऱ्याशी उभी राहिली. कथेची पानं हातात होती, पण आई आता काय बोलेल, याचा तिला काहीच अंदाज येत नव्हता.