यंत्रकामात सात कमी

लष्कराच्या प्रवेश चाचणीचा निकाल आला, तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न विचारला गेला तो असा: "उरलेले छत्तीस कुठे गेले?"

विचारणारे अर्थात आमचे हे. यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि सायकल सोडून बाकी सगळ्या विषयांवर यांची ठाम मतं आहेत. बारकीला चौसष्ट पडले होते. बारकी म्हणजे आमची एकुलती एक. नाव पाळण्यातलं, पुढे ती बापापेक्षा उंच झाली, पण ते बदलायचं कोणाला सुचलं नाही.

"बाबा, हे मार्क नाहीत."

"मग काय आहे, ताप?"

शेवटी तिघंही भरती केंद्रात गेलो. तिथल्या हवालदार मॅडमनी आम्हाला बाकावर बसवलं आणि यांच्याकडे बघून, जरा सावकाशच, समजावलं. "हे टक्के नाहीत. परीक्षा देणारे शंभर जण रांगेत उभे केले, तर चौसष्ट जण हिच्या बरोबरीचे किंवा हिच्या मागे आहेत. चांगला आकडा आहे. पण याने फक्त फाटक उघडतं. आत कुठलं काम मिळणार ते हे खालचे आकडे ठरवतात."

खाली प्रत्येक कामाचा आकडा वेगळा होता. त्या त्या कामाला लागणाऱ्या पेपरांचे गुण एकत्र करून काढलेला. कारकुनीला शंभर लागतात, बारकीचे एकशे बारा. वाहन दुरुस्तीला एकशे चार लागतात, बारकीचे सत्त्याण्णव.

यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आकडा जागचा हलला नाही. "सायकलवाल्याची पोरगी आणि यंत्रकामात सात कमी," हे इतक्या हळू म्हणाले की मला त्यांची दया आली. एरवी ती सहसा येत नाही.

बारकीने कागद आपल्याकडे ओढला आणि तो सत्त्याण्णव पुन्हा वाचला. लष्कराचे ते अगडबंब ट्रक खोलून बसवायचे, एवढं एकच वेड तिला शाळेपासून होतं.

"कारकुनाची एक जागा आहे, इथल्याच लष्करी डेपोत," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी उत्तर द्या. नाहीतर महिन्याभराने परीक्षा परत देता येईल. पण मग नवेच गुण धरले जातात. वाढले तर वाढले, घटले तर घटले. आणि ही जागा तोवर थांबणार नाही."

खरं सांगते, मला आतून गुदगुल्या झाल्या. डेपो आमच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ. पोरगी पंख्याखाली बसणार, संध्याकाळी घरी येणार, नाक मुरडत का होईना माझ्या हातचं जेवणार. घरी पोहोचेपर्यंत मी मनातल्या मनात तिचा डबासुद्धा भरून टाकला.

बापलेकीचं मात्र सुतक चाललेलं. हे परीक्षेला नावं ठेवत होते, ती स्वतःला. "मला यंत्रातलं काही कळतच नाही, आई," ती म्हणाली. "आजवर नुसती बाबांना पाने-पक्कड देत बसले." नुसता आवाज ऐकून कुठली बेअरिंग गेलीय ते सांगणारी माझी मुलगी असं बोलत होती. मी तिला धीर द्यायचा म्हणून चार शब्द बोलले, पण ते माझे मलाच पटले नाहीत.

रविवारी दुपारी चहा घेऊन दुकानात गेले. दुकान अरुंद. मधोमध स्टँडवर सायकल, चेनच्या बाजूला हे, आणि पलीकडे बारकी. चार वर्षांची असल्यापासून ती तिथेच बसते, कारण यांच्या पाठीशी हत्यारांची फळी आणि बाजूला बसायला टीचभर जागा नाही. दोघं सरावाचं पुस्तक घेऊन बसले होते. हे मागची उत्तरं बघून तपासत होते आणि प्रत्येक प्रश्नाला एक उसासा टाकत होते.

मी पुस्तक हातात घेतलं. चाकांची चित्रं होती. हे चाक असं फिरवलं तर ते कसं फिरेल, पट्टा उजवीकडे सरकेल की डावीकडे. बारकीची चाकांची सगळीच्या सगळी उत्तरं चुकलेली. आणि तिथेच मला खटकलं. ज्याला काही येत नाही त्याचीसुद्धा अंदाजपंचे निम्मी बरोबर येतात. हिचं एकही नाही. जिथे उजवं तिथे डावं, जिथे डावं तिथे उजवं.

माझं पार्लर आहे, अर्धा जन्म आरशासमोर गेलाय. कामाला येणारी प्रत्येक नवी मुलगी पहिल्या आठवड्यात भलत्याच बाजूचे केस कापते, कारण डोळे आरशात आणि हात डोक्यावर. मी पुस्तकावरून सायकलीकडे पाहिलं, सायकलीवरून बारकीकडे. यांच्या बाजूने चाक घड्याळासारखं फिरतं. तिच्या बाजूने उलटं. पोरगी चित्र बघायची, मनाने आपल्या जागेवर जाऊन बसायची, तिथून अगदी बरोबर उत्तर काढायची आणि तेच लिहायची.

दोघांपैकी कोणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. मी नुसते कप उचलून निघाले असते, तरी डेपोची जागा पक्की होती. खोटंसुद्धा बोलावं लागलं नसतं.

मी कप उचलले. मागच्या नळावर विसळले, मग पुन्हा विसळले. डेपोतली खुर्ची माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. पण त्या खुर्चीत बसलेली बारकी जन्मभर मनात म्हणत राहणार होती, मला यंत्रातलं काही कळत नाही. ते मला सहन होईना.

"बारके, ऊठ. बाबांच्या बाजूला ये."

"का?"

"ये म्हटलं ना."

"आता हिचं काय मध्येच," हे कुरकुरले, पण सरकले. मी पायडल फिरवलं.

"चाक कसं फिरतंय?"

"उलट..." ती थांबली. पलीकडे जाऊन बघून आली. परत गेली, परत आली. मग तिने माझ्या हातातलं पुस्तक हिसकावून घेतलं आणि आम्हा दोघांना विसरून गेली. यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

सोमवारी तिने खुर्ची सोडली. "नक्की?" मॅडमनी विचारलं, आणि तिने मान डोलावली. महिनाभर ती चेनच्या बाजूला यांना खेटून बसली. तिच्या कोपरांना यांनी रोज शिव्या घातल्या आणि रोज थोडं आणखी सरकून घेतलं.

या खेपेला वाहन दुरुस्तीत एकशे नऊ आले. हे गल्लीभर सांगत सुटले, आणि कोणी टक्के किती विचारलं की गंभीर होऊन म्हणायचे, "टक्के नसतात हो ते, रांग असते." प्रशिक्षण केंद्र मात्र खूप लांब होतं, आणि तिथून ती कुठे जाणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती पार्लरमध्ये येऊन खुर्चीत बसली. "बारीक काप, तिकडे चालतात तेवढेच ठेव." मी कात्री हातात घेतली. मला ती जायला नको होती. आजही नकोच आहे. तिला अभिमानाने निरोप वगैरे द्यायचा असतो म्हणतात. मला फक्त तिची ती लांब वेणी कापवत नव्हती.

"आई," ती म्हणाली, "त्या रविवारी तू बोलली नसतीस, तर मला कधी कळलंच नसतं."

"मला कळलं असतं," मी म्हणाले, आणि तिची मान हलकेच खाली वाकवली.