दुमडलेल्या कोपऱ्यातलं तळं

मी नकाशा बोलतोय. हो, तोच, दिवाणखान्यात सोफ्याच्या वर टांगलेला. पाहुण्यांनी "वा, जुना दिसतोय" म्हणायचं आणि बिस्किट उचलायचं, एवढीच माझी किंमत होती.

दीडशे वर्षांपूर्वी एका मोजणीदाराने या घराची सगळी जमीन पायी हिंडून मला काढलं. खालच्या उजव्या कोपऱ्यात तळं होतं. त्यात निळा रंग भरायला त्याने अख्खा दिवस घेतला. तसल्या माणसांना आता रिकामटेकडे म्हणतात.

पुढच्या पिढ्यांनी माझे फार लाड केले. कुणी दौत सांडली, कुणी माळ्यावर फेकलं. चौकशी केली ती फक्त उंदरांनी. मग एकदा घरच्या सूनबाईंना वारसा आठवला. घरात एक फ्रेम पडून होती, पण मी मोठा निघालो.

फ्रेमवाला म्हणाला, "वहिनी, नवी करायला आठवडा लागेल. नाहीतर हा कोपरा मागे दुमडतो. नुसता निळा डाग तर आहे."

"दुमडा की मग."

झालं. तळं गेलं माझ्या पाठीमागे.

वीस वर्षांनी सूनबाईंच्या यजमानांना खरं तळं बुजवून बंगले बांधायचे होते. निसर्ग संवर्धन खात्याच्या बाई पाहणीला आल्या. तळं जुनं, नैसर्गिक असेल तर त्याला हात लावता येणार नव्हता.

"कसलं जुनं? वडिलांनी माती काढली, त्याचा खड्डा आहे तो," यजमान म्हणाले. "हा नकाशा बघा. दिसतंय कुठे तळं?"

माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं, हीच तर गंमत. आणि मी काचेमागे तोंड दाबून बसलेलो. असा जीव कधी तुटला नव्हता.

बाई चष्मा सावरत जवळ आल्या. "हा ओढा इथवर येतो. पुढे पाणी कुठे जातं हो? फ्रेममध्ये?"

फ्रेम उघडली. मी उन्हाने पिवळा पडलो होतो, पण दुमडलेलं तळं मात्र कालच रंगवल्यासारखं निळं. सूनबाई हळूच म्हणाल्या, "अगं बाई, मीच दुमडायला सांगितलं होतं." यजमान आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. तळं वाचलं.

आता मी पुरावा म्हणून खात्याच्या कपाटात सपाट झोपतो. काल माझी छापील प्रत साहेबांच्या भिंतीवर लावायची ठरली. शिपाई म्हणाला, "साहेब, फ्रेम जरा लहान पडते. खालचा कोपरा दुमडू का?"

साहेब म्हणाले, "दुमड ना, त्यात विचारायचं काय?"

बाबांनो, हात जोडतो. फ्रेम दुसरी मिळते, तळं नाही.