बाईंचा पंखा बंद, तरी माझी चकती फिरत होती

“ताई, खालच्या बाईंना सांगा, मेन बंद करून एकदा मीटर बघा. काहीतरी घोळ आहे,” वायरमन म्हणाला होता. वरच्या मजल्यावरच्या ताईच्या कडेवर बाळ रडत होतं. ती “हो, सांगते” म्हणाली आणि विसरून गेली.

मित्रांनो, तो मीटर म्हणजे मी. जिन्याखालचा, काचेआड चकती फिरवणारा जुना वीजमीटर. मला कारखान्यातून पारखून, सील लावून पाठवलं होतं. तीस वर्षं मी बाईंची वीज मोजली. बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या. दर रविवारी माझी काच पुसायच्या. “हा कधी खोटं बोलत नाही,” म्हणायच्या. कोण आनंद व्हायचा मला!

मग जिन्याचं रंगकाम निघालं. त्यासाठी माझ्या आणि शेजारच्या लॉन्ड्रीच्या मीटरच्या वायरी सोडवल्या, आणि जोडताना एकाच्या दुसऱ्याला जोडल्या. लॉन्ड्रीच्या इस्त्र्या माझ्या गळ्यात पडल्या! लॉन्ड्रीवाल्याचं बिल एकदम उतरलं. तो गालात हसला आणि गप्प बसला.

बाईंचं बिल चौपट झालं. त्यांना वाटलं, आपलीच उधळपट्टी. आधी दिवे बंद झाले, मग पंखा, शेवटी फ्रिज. माझी चकती मात्र गरगरतच होती. मी आणखी काय करणार? मीटरला तेवढंच बोलता येतं!

वायरमनचा तो निरोप राहिला त्याला दोन महिने झाले, आणि ताईचा फ्रिज बिघडला. बाळाचं औषध ठेवायला ती बाईंकडे आली. फ्रिज उघडते तर आत अंधार आणि घडी घातलेल्या साड्या. इन्सुलिनची बाटली खिडकीत, ओल्या फडक्यात. बाईंच्या पायाला जखम, तीही चिघळलेली.

“बाई, अहो हे काय?”

“बिल झेपत नाही गं. होते सवय.”

“कसली सवय? औषध नासलंय हे!”

ताईने बाईंना दवाखान्यात नेलं. परत आल्यावर तिने बाईंचा मेन बंद केला आणि जिन्याखाली वाकून पाहिलं. मी जोरात फिरत होतो. लॉन्ड्रीचा मीटर मात्र हळूच थांबला होता. “वायरमन सांगत होता,” ताई पुटपुटली, “आणि मी...”

वीज कार्यालयातल्या कारकुनाने मानही वर केली नाही. “जुना मीटर आहे, पळत असेल. आधी बिल भरा.”

पळत असेल! तीस वर्षांचं माझं इमान, आणि मीच चोर?

“तक्रार लेखी आणलीय,” ताई म्हणाली. “पोच द्या. मीटर आमच्यासमोर तपासा. नाहीतर बाळाचा पाळणा इथेच बांधते.”

पोच मिळाली. तपासणीत मी खरा ठरलो. वायरी सुलट झाल्या, बिलं दुरुस्त झाली. लॉन्ड्रीवाला म्हणाला, “मला काय कल्पना?”

“बिल उतरलं तेव्हा विचारावंसं नाही वाटलं?” बाईंनी विचारलं.

पण बाईंच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. ती कुठल्या बिलात दुरुस्त होणार?

आता बाईंचा पंखा फिरतो. रविवारी माझी काच ताई पुसते, आणि जिन्यात भेटेल त्याला अडवून विचारते, “तुमच्या शेजारी कुणी एकटं राहतं ना? त्यांचा पंखा चालू असतो का हो? बिल नंतर बघू. आधी दार वाजवून या.”