टोरांटो अगदी जवळ आहे

नायगावच्या नव्या टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर राहायला गेल्यापासून शांतारामभाऊंना सगळी पृथ्वी हाताशी वाटू लागली होती. टोरांटोतल्या आपल्या प्रितेशसाठी मुलगी बघायला ते जूचंद्रला बळीरामच्या घरी आले, ते तासभर उशिरा. रस्ता खोदून ठेवलेला होता. तरी टेकल्या टेकल्या त्यांनी जाहीर केलं, की जग आता फार लहान झालंय.

बळीरामची निधी वसईत एका लॅबमध्ये कामाला. एकुलती एक. मुलगा दिसायला बरा, पगार ऐकायला त्याहून बरा. आईबापांपासून इतकं लांब जायचं का, एवढंच तिला ठरवायचं होतं. शांतारामभाऊंना 'लांब' हा शब्दच मान्य नव्हता. साडेबारा हजार किलोमीटर म्हणजे काय मोठंसं? दिल्लीला विमान बदललं तरी वीसएक तास. दोन जेवणं, दोन पिक्चर, एक झोप. त्यांनी मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. त्यात टोरांटो खरंच वीतभरसुद्धा लांब नव्हतं.

निधीची आई कमळी त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवायला आली. ती म्हणाली, "पहिला बालतपन माहेरी असतं आमच्यान. आठव्या मयन्यान इमानान बसवतान का पोरीला?"

हा विषय शांतारामभाऊंच्या वेळापत्रकात नव्हता. त्यांनी तिथूनच प्रितेशला व्हिडिओ कॉल लावला. प्रितेशने कानातले इअरफोन न काढता प्रश्न निकालात काढला. निधीने यायची गरजच नाही, तिची आईच तिकडे येईल, चांगली सहा महिने. बाळ सांभाळेल, स्वयंपाकाचंही भागेल. "इथे डेकेअर खूप कॉस्टली आहे," तो म्हणाला.

त्या सहा महिन्यांत बळीरामने शेताचं आणि पोटाचं काय करायचं, हे कोणी विचारलं नाही. शांतारामभाऊंनी मात्र विहीणबाईंना मनातल्या मनात खिडकीजवळची सीटही देऊन टाकली.

तेव्हा निधीने विचारलं, "काका, तुम्ही आणि काकू किती वेळा जाऊन आलात?"

एकदाही नाही. काकूंचे गुडघे, काकांची कंबर. एवढा वेळ बसून राहायचं म्हणजे काय थट्टा आहे? प्रितेशलाही आईबापांकडे यायला गेली काही वर्षं जमलेलं नव्हतं. त्यात त्याचा दोष नव्हता. "फार लांब पडतं गं," शांतारामभाऊ कळवळून म्हणाले.

"मग मला नाही जायचं," निधी म्हणाली.

बळीरामने लेकीकडे पाहिलं आणि पंखा मोठा केला. त्याला एकदम बरं वाटू लागलं होतं. शांतारामभाऊ पुन्हा नकाशा शोधत होते, तेवढ्यात फोनमधूनच आवाज आला, "पप्पा, यांचं झालं असेल तर निघा ना. साडेसातला विरारची मुलगी आहे."

कमळीने त्यांच्यापुढची भरलेली बशी उचलली.

"निघा," ती म्हणाली. "विरार लांब हाय."