केवेप्सीत कालवायची माती

वस्तीखालच्या उतारावर केवेप्सीच्या काटेरी झुडपांवर लाल फळं पिकली, की पंधरा दिवसांत पाखरं त्यांचा फडशा पाडतात. व्हर्लीनला घाई होती ती त्याचीच. बाळाला शालीत घालून पाठीशी बांधलं, की फळं तोडायला हात मोकळे. पण काटे असे, की घरी येईतो मनगटं ओरबाडून निघायची. बाळ मात्र खुशाल तिच्या वेणीचं टोक चघळत असायचं.

ही फळं नुसती खाल्ली तर घसा धरतात, म्हणून शिजवून त्यांत पांढरी माती कालवायची. व्हर्लीनची आई ते डोळे मिटून करायची. आई गेल्या हिवाळ्यात गेली, आणि माती कुठली, किती, हे व्हर्लीननं कधी विचारलंच नव्हतं. आई असताना कोण विचारतं? आता वाटायचं, उद्या हे पोर मोठं होऊन विचारील, आजीच्या हातची चव कशी होती, तर आपण काय सांगणार? यंदा एकदा तरी ती चव जमायलाच हवी होती.

बाळ झोपल्याचं बघून तिनं फळं शिजवली, वाटली. फळीवरच्या डब्यात पांढरी माती सापडली, ती मूठभर कालवली. तेवढ्यात दारात अल्मीडा उभी. नवऱ्याची, मर्विनची, आत्या. भाच्यावर पहिला हक्क आत्याचा आणि त्याच्या बायकोला छळणं हा त्या हक्काचाच भाग, असं इथल्या सगळ्या आत्या मानतात.

"माझ्या मर्विनला काय खायला घालतेयस आज? वाळून काटकी झालाय. माझ्याकडे असता तर दार रुंद करावं लागलं असतं."

"बसा आत्याबाई. चाखून बघा."

अल्मीडानं निळ्या मक्याच्या पिकीचा, त्या पापडासारख्या पातळ भाकरीचा, तुकडा बुडवून तोंडात टाकला. चघळणं थांबलं. मग सावकाश म्हणाली, "ही भिंत सारवायची माती आहे, पोरी. पोट आतून पांढरं झालं माझं. आता पाव्हणे बोलवायला हरकत नाही."

व्हर्लीनला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. "आई सांगायच्या आधीच गेली हो."

अल्मीडानं झोपलेलं बाळ उचलून स्वतःच्या पाठीशी बांधलं आणि चालू लागली. "चल. फळं अजून आहेत ना?"

झऱ्यापलीकडच्या कपारीत तिनं एक खडा उकरून व्हर्लीनच्या जिभेवर ठेवला. खडा जिभेला चिकटून बसला.

"हं. चिकटली तर खाण्याची. नाही चिकटली तर भिंतीची. खाण्याची तुझ्या नवऱ्यासारखी चिकट असते, कळलं? ओळखायला सोपी."

संध्याकाळी दुसरा घाणा शिजला. व्हर्लीननं चिमूटचिमूट माती घातली आणि वाटी पुढे केली.

"आंबट आहे," अल्मीडा म्हणाली.

व्हर्लीनचा चेहरा पडला.

"तुझ्या आईचंही असंच आंबट असायचं. वीस वर्षं सांगत होते, बाई, माती वाढव. ऐकेल तर शपथ."

व्हर्लीननं पुन्हा बोट चाटलं. कानामागे शिरशिरी गेली, डोळे आपोआप मिटले. आत्याबाईंनी कपारीतल्या मातीचा डबा तिच्याकडे सरकवला. तिनं तो तसाच परत सरकवला.